आत जाणारा बुडबुडा

१

सकाळी खोली उघडायची, एसीचा आकडा बघायचा, पिशवी टेबलावर टाकायची आणि राणीला नमस्कार न करता कामाला लागायचं, हा माझा शिरस्ता. ‘न करता’ हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या विभागातली बाकीची मंडळी नमस्कार करतात. चांगली पीएच.डी. झालेली माणसं हात जोडतात, मान झुकवतात. खोलीची देखभाल करणारी लमुन तर रोज तिच्या पायथ्याशी लाल सरबताची बाटली ठेवते, स्ट्रॉ घालून. सिलिकॉनच्या भांड्याला स्ट्रॉ कशाला लागते, असं मी एकदा विचारलं.

"मग आचान, तुम्ही काय चमच्याने पिता?" लमुन म्हणाली.

माझ्याहून दहा वर्षांनी मोठी बाई, तरी मला ‘आचान’, म्हणजे गुरुजी म्हणते. मी तिला ‘पी’ लावते, म्हणजे ताई म्हणते, आणि पुढचं गिळते.

राणी म्हणजे तांबड्या मुंग्यांची राणी, आणि तीही अख्खी नाही. तिच्या पोटात खसखशीच्या दाण्याहून लहान एक थैली असते, तिचं हे रांजणाएवढं पारदर्शक रूप. राणी जन्मात एकदाच, एका दुपारी उडते. ज्या नरांशी गाठ पडते ते संध्याकाळपर्यंत मरून पडतात. त्यांचं बीज ती या थैलीत भरून ठेवते आणि पुढे वर्षानुवर्षं थेंबाथेंबाने वापरते. "आतलं जिवंत राहतं, बाहेरचं वाळून उडून जातं," हे वाक्य पाहुण्यांना ऐकवताना आमचे विभागप्रमुख आचान थवात यांच्या डोळ्यांत दर वेळी पाणी येतं. माझ्या येत नाही. आमच्या इसान भागातल्या बाजारात या मुंग्यांची अंडी मटणाहून महाग विकली जातात, म्हणून त्या कोंबड्यांसारख्या पाळता येतील का हे सरकारला बघायचंय. यात रडण्यासारखं काय आहे?

थैलीच्या तोंडाशी एक झडप असते. ती कशी उघडते, एका वेळी किती सोडते, हे खसखशीत दिसत नाही, म्हणून ही मोठी प्रतिकृती. आता, मुंगीच्या मापाला पाणीसुद्धा काकवीसारखं असतं. त्यामुळे थैली मोठी केली की आतला द्रव त्याच हिशोबाने घट्ट घ्यावा लागतो. हे मी थवातना इतक्यांदा सांगितलं की तोंडाची वाफ दवडणं म्हणजे काय ते मला त्यांच्यामुळे कळलं.

"पण दा," ते म्हणाले, "पाणी फुकट आहे."

माझं नाव दारणी. मी अभियांत्रिकीची, प्रवाह हा माझा विषय, आणि किडे मोजण्यात हयात घालवलेल्या या लोकांना घट्ट आणि पातळ यांतला फरक शिकवण्यासाठी मला इथे आणून बसवलंय. शेवटी मिठाईवाल्यांकडून शाबूकंदाचा पाक आणला, हवा तेवढा घट्ट केला, आणि प्रवाह दिसावा म्हणून त्यात चंदेरी पूड कालवली.

घट्ट द्रवाची एक गंमत पाहुण्यांना फार आवडते. पाकात लाल रंगाची रेघ ओढायची आणि पंप हळू फिरवायचा. रेघ विस्कटते, पसरते, दिसेनाशी होते. मग पंप तितकाच उलटा फिरवायचा. ती जशी गेली तशी परत येते आणि जिथे ओढली होती तिथे पुन्हा रेघ होऊन उभी राहते. सूटबूट घातलेली मंडळी टाळ्या वाजवतात. जादू नव्हे हो, साधं गणित आहे, असं मी सांगते. कुणी ऐकत नाही.

२

प्रतिकृती माझ्या नवऱ्याने घडवली. खमफान विद्यापीठाच्या कारखान्यात साचे ओतायचा. देवाने याला हात दिले तेव्हा डोकं द्यायचं विसरला, असं मी चारचौघांत म्हणायचे आणि तो चारचौघांत हसायचा.

तो खॅन वाजवायचा. बांबूच्या नळ्यांची ती जुडी आमच्याकडे दर तिसऱ्या घरात असते, पण खमफानची बात वेगळी होती. त्याने सूर धरला की भांडणारी कुत्रीसुद्धा गप्प बसायची. खॅनच्या नळ्या रानमाशांच्या काळ्या मेणाने जोडतात. त्या मेणावर या माणसाची अशी श्रद्धा, की मोरीचा पाइप, माझ्या चष्म्याची काडी, चपलेचा अंगठा, सगळ्याला तेच फासायचा. प्रयोगशाळेसाठी परदेशातून मागवलेला डिंक कपाटात पडून राहिला आणि राणीचे सगळे सांधे काळ्या मेणाने बंद झाले.

थैलीतून एक वळणावळणाची नळी वर येते आणि छातीच्या उंचीवर तिचं तोंड उघडतं. त्या तोंडावर टोपण, आणि टोपणात त्याने खॅनची एकच नळी रोवली, पितळी जिभेसकट.

"ही तुझी घंटी, दा. यंत्र बंद असताना वाजली तर समज, कुठेतरी गळतंय."

"पाक खाली गेला तर हवा आत जाईल. वर आला तर बाहेर. तुझी घंटी दोन्हीला वाजेल?"

"खॅन आहे तो. फुंकलं तरी वाजतो, ओढलं तरी वाजतो, आणि सूर एकच. म्हणून तर वाजवणाऱ्याला दम घ्यायला थांबावं लागत नाही."

थांबावं लागत नाही म्हणे. स्वतः दमेकरी. खिशात कापूर-पुदिन्याची नळकांडी, दर पाच मिनिटांनी नाकाला. आणि दिवस उसाची पानं जाळायचे. आकाशातून काळी राख पडतेय, दाराखिडक्या बंद करून माणसं खोकतायत. पाक भरून झाला, शेवटचा गोळा नळीत अडकला. झडप हवेच्या दाबाने उघडणारा कंप्रेसर दोन हातांवर होता. पण कंप्रेसर थरथरतो, पाकात फेस होतो, असं म्हणून याने नळीला तोंड लावलं आणि फुंकलं. गोळा सरकला. पहिल्या वळणात, एका सुरकुतीखाली, सुपारीएवढा बुडबुडा अडकून राहिला.

"काढ तो," मी म्हणाले.

"येईल वर आपोआप. जातोय कुठे?"

त्याच धुरात, दोन आठवड्यांनी, खमफान इस्पितळात गेला. शेवटी त्याची छाती भात्यासारखी चालली होती आणि आत काही जात नव्हतं. जाळला त्याला. अस्थी देवळाच्या भिंतीत बसवल्या. कपडे वाटले, खॅन त्याच्या भावाने नेला, खिशातली नळकांडी मी ठेवली. आणि तो बुडबुडा उरला. त्यात त्याच्या छातीतली हवा होती. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तिची किंमत शून्य, हे मला कळतं. तरी ती मला हवी होती. ती त्या खोलीत आहे एवढ्यावर मी रोज सकाळी अंथरुणातून उठत होते. दुसऱ्या कुणी असं बोललं असतं तर मी त्याची सालटी काढली असती.

३

बुडबुडा वर येतो. पाकात हळू येतो, पाण्यात झटकन येतो, पण वर येतो. याला अपवाद नाही.

एका सकाळी दिवा लावला आणि तो सुरकुतीखाली नव्हता. निसटला, वर गेला, फुटला, संपला, असं वाटलं. मग तो सापडला. खालच्या वळणात होता.

मी स्टुलावर बसले आणि स्वतःला विद्यार्थ्यासारखं फैलावर घेतलं. एसी रात्री बंद पडला असेल, पाक तापला असेल, तापलेला पाक फिरला असेल आणि फिरताना याला खाली ओढून घेऊन गेला असेल. आकडे बघितले. एसी बंद पडला नव्हता. मग आकडे चुकले असतील. या विभागात थर्मामीटरसुद्धा कामचुकार असतात.

लमुन सरबत घेऊन आली. बाटली ठेवली, हात जोडले, आणि वाकून नळीत बघितलं.

"अगंबाई, फान अजून एक पायरी उतरला की!"

"काय म्हणालात?"

"कुठे काय. बुडबुडा म्हणाले."

"नाव घेतलंत तुम्ही."

"मग काय करू, आचान? नवरा तुमचा, पण त्याला रोज पुसते मी. फडक्याखाली असतो तो माझ्या." तिने काच पुसल्यासारखं सिलिकॉन पुसलं. "कालपासून उतरतोय. मला वाटलं, तुम्हीच पंप लावलात."

"पंप बंद आहे."

"मग त्यालाच जायचं असेल."

"पी लमुन, बुडबुड्याला कुठे जायचं नसतं. बाटली उचला आणि जा."

ती गेली. बाटली तिथेच राहिली. मी नळीवर पेनाने खूण केली, बुडबुड्याच्या बरोबर समोर. दुपारी तो खुणेच्या बोटभर खाली होता. खाली झडप होती, आणि झडपेपलीकडे थैली.

४

"दा, आनंदाची बातमी," थवात म्हणाले. वाक्य असं सुरू झालं की मी खुर्ची घट्ट धरते. "संगणक मंजूर झाले. आता सगळं पडद्यावर. झडप पडद्यावर, प्रवाह पडद्यावर. ही चिकचिक बंद."

"संगणकाला घट्ट-पातळ कोण सांगणार? तुम्ही?"

"तू सांगशील की."

"आणि राणी?"

"सोंगक्रानच्या सुट्टीनंतर रिकामी करू. पाक गटारात, सिलिकॉन भंगारात. खोली हवी आहे." मग त्यांना काहीतरी आठवलं आणि चेहरा मऊ झाला. मला मऊ चेहऱ्यांचा भारी तिटकारा आहे. "खमफानने केलेली आहे, मला माहीत आहे. हवं तर तू एखादा तुकडा घरी ने. आठवण म्हणून."

"तुकडा नेऊन काय करू? लोणचं घालू?"

"बोल, बोल. मन मोकळं होतं बोलल्याने."

हा माणूस पुढच्या वर्षी निवृत्त होणार आणि त्याच्या निरोपसमारंभात मला भाषण करावं लागणार. मी उठून आले.

पाक गटारात म्हणजे बुडबुडाही गटारात. डोळ्यांसमोर सारखं तेच येत होतं. कुठल्यातरी सकाळी एक माणूस मोरीवर नळी धरील, बुळुक असा आवाज होईल, आणि खमफानची शेवटची फुंकर आमच्या विभागाच्या गटारात जाईल.

मार्ग एकच होता. जे उतरलं ते उलटं चढवता येतं. लाल रेघेसारखं. पंप उलटा, हळू, आणि बुडबुडा आला तसा परत वर, जिथे त्याने तोंड लावलं होतं तिथपर्यंत. ते गणितच होतं. मी ते टाळ्या वाजवणाऱ्यांना हजारदा सांगितलं होतं.

५

सुट्टी लागायच्या आदल्या आठवड्यात घंटी वाजली.

जेवणाची वेळ होती. बाहेर सगळे व्हरांड्यात चिकट भाताचे डबे उघडून बसले होते आणि थवात कुणालातरी मोठ्याने विनोद सांगत होते. मी दिवा लावून आकडे टिपत होते. कंप्रेसर बंद, पंप बंद. आणि टोपणातली बांबूची नळी वाजली. बारीक, लांब, एकच सूर. थांबली. पुन्हा वाजली, थोडी आखूड. थांबली.

गळतंय, मी म्हटलं. सांधे तपासले, मेण दगडासारखं घट्ट होतं. पाकाची पातळी बघितली. होती तिथेच होती, केसभरही फरक नाही. पातळी हलली नाही तर हवा जातेय कुठे आणि येतेय कुठून? पलीकडच्या खोलीतल्या एसीचा दाब असेल. दार उघडझाप झालं असेल. मी दाराला कडी घातली.

लांब. आखूड. थांबा. लांब.

ही लय माझ्या ओळखीची होती. बारा वर्षं माझ्या उशीशेजारी ती चालली होती. दमेकरी झोपेत असाच श्वास घेतो: सोडायला वेळ लागतो, ओढताना घाई, आणि मधे एवढा थांबतो की बायको जागी होऊन बघते. मी स्टुलावर बसून राहिले. मला भीती वाटायला हवी होती. मला बरं वाटलं. लाज वाटण्याइतकं बरं वाटलं.

मग माझी नजर थैलीकडे गेली.

चंदेरी पूड फिरत होती. पंप बंद असला तरी पाक कुठे ना कुठे थोडा सरकतोच, ते मी सोडून दिलं. पण ती नुसती फिरत नव्हती. थैलीच्या मधोमध पोचली की दोन भागांत फुटायची, बाजूंनी वळसा घालायची आणि मागे जाऊन पुन्हा एक व्हायची. नदीत खडक असला की पाणी जसं जातं तसं. प्रवाह असा फुटला की मधे वस्तू असते. पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. मी दिवा फिरवला, उकिडवी बसले, तिन्ही बाजूंनी पाहिलं. मधे काही नव्हतं. पलीकडची भिंत दिसत होती आणि भिंतीवरचं कॅलेंडर.

वळसा मोठा होता. खाली रुंद, वर निमुळता, गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या माणसाएवढा.

"आचान!" बाहेरून लमुनने दार ठोठावलं. "भात थंड होतोय. नि कडी कशाला? आत काय सोनं गाळताय?"

दिवा विझवून मी बाहेर गेले आणि सगळ्यांबरोबर जेवले. थवातनी तो विनोद माझ्यासाठी पुन्हा सांगितला.

६

सोंगक्रानला आमच्याकडे शहाणी माणसं घराबाहेर पडत नाहीत. बाकीचं अख्खं गाव ट्रकवर पिंपं चढवून रस्त्याने जाणाऱ्याला भिजवत सुटतं, गालांना पांढरी पावडर फासतं, आणि याला नवं वर्ष म्हणतं. फाटकापासून विभागापर्यंत येताना मला तीन वेळा भिजवलं. एका आजोबांनी तर आदबीने वाकून, "क्षमा असावी, आचान," म्हणत मानेवर वाटीभर बर्फाचं पाणी ओतलं.

इमारत रिकामी होती. भर दुपार. बाहेर ट्रकवरची गाणी, आत एसीची घरघर. मी ओल्या कपड्यांनी खोली उघडली.

बुडबुडा झडपेला टेकला होता. आणखी एक दिवस उशीर केला असता तर आत गेला असता.

मी पंप उलटा लावला, अगदी हळू. बुडबुडा थरथरला आणि वर सरकू लागला. झडपेपासून सुटला. खालच्या वळणातून वरच्या वळणात आला. सुरकुतीशी अडखळला, चपटा झाला, निसटला. नळी वाजू लागली. साहजिक आहे, पाक वर चढतोय, हवा बाहेर पडतेय. गणित जुळत होतं. मला रडू येत होतं आणि गणित जुळत होतं.

बुडबुडा टोपणाखाली येऊन थांबला. मी पंप बंद केला.

नळी वाजतच राहिली. लांब.

आणि वास आला. कापूर आणि पुदिना.

आता मी काय केलं ते सांगते. ज्या बाईने सरबताच्या बाटलीवरून सगळ्यांची टिंगल केली, तिने वाकून त्या बांबूच्या नळीला तोंड लावलं. त्याने लावलं होतं तिथेच. तो बाहेर येत होता ना! मोरीत जाऊ देण्यापेक्षा, हवेत विरू देण्यापेक्षा, मी घेईन, एवढंच डोक्यात होतं. मी डोळे मिटले आणि श्वास ओढला.

ओठांवर पितळी जीभ थरथरली. सूर स्वच्छ लागला, माझ्या दातांतून, कवटीतून. मी ओढत राहिले. छाती भरायला हवी होती.

छाती खाली चालली होती.

मी डोळे उघडले. माझा ओला सदरा पोटाशी चिकटत आत आत जात होता. मी ओढत होते असं मला वाटत होतं, आणि बरगड्या मिटत होत्या. सूर तोच होता. फुंकलं तरी वाजतो, ओढलं तरी वाजतो. कोण ओढतंय, हे सुरावरून कळत नाही. आणि वास? तो माझ्याच खिशातून येत होता. रस्त्यातल्या पाण्याने त्याची नळकांडी भिजून फुटली होती.

तोंड सुटेना. मी खाली बघितलं, पारदर्शक नळीतून, वळणावळणातून, सरळ थैलीत. पूड आता वळसा घालत नव्हती. ती त्या रिकाम्या जागेवर बसली होती, अंगावर बसते तशी, आणि त्यामुळे पहिल्यांदा त्याला बाहेरची रेघ आली होती. वरच्या निमुळत्या भागाने तोंड वर केलं. गाल आत ओढलेले होते.

तो खमफान नव्हता. एवढं मी खात्रीने सांगू शकते, आणि एवढंच.

"आचान! अहो आचान!"

लमुन होती. नखशिखांत ओली, गालांवर पावडर, एका हातात सणाचं सरबत. तिने बाटली टाकली, माझी वेणी पकडली आणि खसकन मागे ओढलं. मी फरशीवर पडले. ओठांना काळं मेण लागलं होतं. नळी वाजायची थांबली.

"काय करत होता?"

मी सांगायला तोंड उघडलं. शब्दाला लागणारी हवाच आत नव्हती.

लमुनने माझ्याकडे बघितलं, मग टोपणाखाली बघितलं. फडकं घेऊन सांडलेलं सरबत पुसलं, आणि पुसताना एकदाही राणीकडे पाठ केली नाही.

टोपणाखाली दोन बुडबुडे होते. एकमेकांना टेकलेले, सारखेच. मी बघत असतानाच ते खाली सरकू लागले.

७

राणी भंगारात गेली नाही. सुट्टीवरून आल्यावर थवातनी दोन बुडबुडे पाहिले आणि टाळ्या वाजवल्या. "एकाचे दोन! अगं दा, हे तर शोभेचं आहे. दर्शनी दालनात ठेवू, येणारेजाणारे बघतील." हल्ली मी फारसं बोलत नाही. माझा स्वभाव सुधारला, असं त्यांनी दोघातिघांना सांगितलं.

दालनात हलवण्याआधी नळीचं तोंड मी स्वतः काळ्या मेणाने बंद केलं. परदेशी डिंक मला नको होता. दोन्ही बुडबुडे तेव्हा झडपेशी पोचले होते. पुढच्या आठवड्यात झडप उघडली. तिला हवा जोडलेली नव्हती, कंप्रेसर तर वरच्या मजल्यावरच राहिला होता. दोघे आत गेले आणि झडप मिटली. ते आता थैलीच्या मधोमध असतात. वर येत नाहीत. ताजे दिसतात.

पाहुणे विचारतात, हे काय? मी सांगते, ओतकामातली चूक. माना डोलावतात आणि फोटो काढतात. पदव्यांचे ढीग घेऊन आलेली माणसं, आणि एकालाही विचारावंसं वाटत नाही की पाकातला बुडबुडा वर का येत नाही. मी पूर्वी अशांची पिसं काढायचे. आता मला त्यांची गरज आहे.

थवात आपलं वाक्य म्हणतात: आतलं जिवंत राहतं, बाहेरचं वाळून उडून जातं. त्यांचे डोळे भरून येतात. मी शेजारी उभी असते.

लमुन आता दोन बाटल्या ठेवते, दोन स्ट्रॉ घालून. दुपारी डबा घेऊन ती माझ्यासमोरच बसते. काल तिने बांबूच्या कोंबांचं सार आणलं होतं, चुलीवरून उतरवलेलं, कढत. "फुंकून प्या, आचान, जीभ भाजेल," ती म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिने जीभ चावली.

मी वाडगा उचलला, ओठ गोल केले आणि फुंकर घातली. लमुन वाडग्याकडे बघत होती. मीही बघत होते. वाफ जराही न वळता सरळ वर जात राहिली.